खिशातला अन्सार

गारखेडा, छत्रपती संभाजीनगर
सोमवार

प्रिय अन्सारभाई यास,

कारभारीचा सलाम आणि साळूचा रामराम. वहिदाभाभींना नमस्कार सांग. सगीराची परीक्षा संपली असेल, तिला आशीर्वाद. इकडं सगळं ठीक, म्हणजे माझी साखर, साळूचा गुडघा आणि नळाचं पाणी ही तिन्ही जिथं होती तिथंच आहेत. फोन सोडून पत्र का, असं म्हणशील. या दोन खोल्यांत मी फोनवर काय बोललो ते साळूला माझ्याआधी कळतं, म्हणून. शिवाय मला तुझी माफी मागायची आहे. मागं नऊ दिवस तू माझ्या घरात फार आजारी होतास.

झालं असं. आमच्या सासूबाई, मनकर्णाबाई, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी फुलंब्रीहून आल्या. तुला माहीत आहे, लग्नाला तीस वर्षं झाली पण त्यांच्यासमोर मी सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकलेलं नाही. (कपड्यांना वास यायचा तो वाळूजच्या वेल्डिंगचा, असं सांगून ठेवलेलं. त्या गावभर कौतुक करायच्या, जावई आगीशी खेळतो म्हणून.) ऑपरेशन झालं, पट्टी निघाली, आणि नव्या डोळ्यानं त्यांनी या जगात पहिली जी वस्तू नीट पाहिली ती म्हणजे खुंटीवरच्या सदऱ्यातून अर्धवट बाहेर आलेलं माझं सिगारेटचं पाकीट. त्यावरचा तो गळ्याला गाठ आलेला माणूस तू पाहिलाच आहेस. हल्ली पाकिटावर चित्रच जास्त आणि पाकीट कमी.

त्या चित्राचं आणि माझं नातं जुनं. पहिल्यांदा मोठं चित्र आलं तेव्हा आठवडाभर मी दचकायचो. टपरीवर पुंजारामला म्हणायचो, हे नको, दुसऱ्या चित्राचं दे. तो म्हणायचा, दुसरं याच्याहून वाईट हाय. मग शहागंजातून पत्र्याची डबी आणली आणि सिगारेटी तिच्यात काढून ठेवू लागलो. मग डबी हरवली. मग सुट्या घेऊ लागलो, सुट्या सिगारेटीला तोंड नसतं. आणि शेवटी काय, सवय झाली. बँकेच्या कॅलेंडरवरचा माणूस बघावा तसा मी त्याला रोज बघायचो आणि काडी ओढायचो.

सासूबाईंनी मात्र पाकीट खिडकीशी नेलं, उजेडात धरलं आणि विचारलं, "जावईबापू, ह्यो कोण? लई हाल झाले की लेकराचे!"

त्यांना वाचता येत नाही, आणि पाकीट म्हणजे फोटो ठेवायचा पुठ्ठा असा त्यांचा समज झाला होता. मी खरं बोलू शकलो असतो. पण माझ्या तोंडून निघालं, "आमच्या कंपनीतला आहे. दोस्त आहे माझा. अन्सार." आत साळूच्या हातातलं उलथनं पडलं. (ती हसत होती. बायको म्हणून तिनं त्या दिवशी मला काही मदत केली नाही.)

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या डब्याशेजारी दुसरा डबा. ज्वारीची आंबील, ताकातली, लसूण-जिरं घालून, पातळ. "त्याला गिळंना झालं असंल, हे उतरंल," म्हणाल्या. मी ती कंपनीच्या बसमध्ये प्यालो. संध्याकाळी दारातच प्रश्न, "आज किती गेली?" मी म्हटलं, अर्धी. त्यांचा चेहरा उतरला. तिसऱ्या दिवशी म्हटलं, सगळी गेली, तर त्या इतक्या खुश झाल्या की भेटायलाच निघाल्या. म्हणून चौथ्या दिवशी तुला ताप आणावा लागला. पाचव्या दिवशी त्यांनी तू बरा होईपर्यंत गूळ सोडला. अन्सारभाई, त्या बाईला आयुष्यात गुळाच्या चहाशिवाय दुसरी चैन नाही रे.

आणि माझं काय झालं ते ऐक. चहाच्या सुट्टीत गेटाबाहेर मी पाकीट काढायचो आणि त्यावर तू. नाक तुझं नव्हतं, मिशी तुझी नव्हती, तरी तूच. रोज संध्याकाळी तुझा ताप सांगायचा, तुझा आवाज बसला म्हणून सांगायचं, आणि सकाळी तुझ्याच उशाशी काडी ओढायची, हे काही जमेना. दहा वर्षं सरकारनं जो माणूस दाखवून मला हलवलं नाही, त्याला नाव लागल्याबरोबर माझा हात थांबला.

नवव्या दिवशी सासूबाई इरकल नेसून स्कूटरपाशी उभ्या. "आज मला त्याच्याकडं न्या, न्हाई तर मी रिक्षा करते." मी हात टेकले. त्यांना मागं बसवलं आणि सरळ पुंजारामच्या टपरीवर नेलं. तिथं काय, ओळीनं पाकिटं, वर-खाली, डावी-उजवीकडं, आणि सगळ्यांवर तोच माणूस. त्या कितीतरी वेळ बघत राहिल्या. मग पुंजारामला विचारलं, "भाऊ, हे समदे कोण?"

"समदे न्हाय काकू, एकच हाय. सरकारनं छापलाय. बिडी-सिगारेट ओढू नका म्हणून."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. तीस वर्षांचं वेल्डिंग एका नजरेत विझलं. मला वाटलं, आता रस्त्यातच माझी खरडपट्टी काढतात. पण त्यांनी पुंजारामला एवढंच विचारलं, "मंग ह्याचं खरं नाव काय?"

पुंजारामला माहीत नव्हतं. मला नव्हतं. शेजारी दोन पोरगेले कारकून उभे होते, त्यांनाही नव्हतं. "रोज खिशात घालून हिंडता," त्या म्हणाल्या, "अन् कुणी इचारलं न्हाई व्हय?" त्यातला एक कारकून पाकीट परत ठेवून म्हणाला, सुटी दे. (माणसाची जात!)

मला वाटलं, संपलं. पण सकाळी डबा तयार होता. "आता तुम्हीच प्या," म्हणाल्या, "ह्या समद्यात तुमचाच गळा तेवढा हाताशी हाय." सिगारेट न ओढता आज सतरावा दिवस. (मधला एक रविवार मी धरत नाही, तूही धरू नकोस.) पण हात अजून खिशाकडं जातो, खोटं कशाला सांगू.

तर खोटं बोलल्याबद्दल माफ कर. भाभींना सलाम.

तुझाच,
कारभारी

ता. क. हे पत्र मुद्दाम स्पीड पोस्टानं तुझ्या दुकानाच्या पत्त्यावर टाकलंय, घरी नेऊ नकोस. मागच्या महिन्यात तू फोनवर गालात खडा धरल्यासारखा बोलत होतास. म्हणालास, आतून फोड आहे, दोन महिने जात नाही, तिखट झोंबतं, वहिदाला सांगू नको. मी हसण्यावारी नेलं. सासूबाईंनी विचारलं तेव्हा दुनियेतली इतकी नावं सोडून तुझंच का तोंडात आलं, ते मला पाचव्या दिवशी कळलं.

ता. क. दुसरा. इथल्या डॉक्टरांकडं येत्या गुरुवारचा नंबर लावलाय, तुझ्या नावानं. काही निघणार नाही, साधा फोड असेल, दाताची कड लागत असेल. पण दाखव. नांदेडहून सकाळच्या गाडीत बस. घरी सांग, कारभारीनं जेवायला बोलावलंय.

ता. क. तिसरा. बुधवारी रात्रीपर्यंत "निघतो" असा तुझा फोन आला नाही, तर मीच तुला न्यायला येतो. रजेचा अर्ज दिला होता, साहेबांनी नामंजूर केला. तरी येतो.