मसाल्याच्या डब्यातल्या सहा गोळ्या

प्रिय वैजनाथ,

चाळीस वर्षांत तुला 'वैजू' सोडून दुसरी हाक मारली नाही. आज पूर्ण नाव लिहितोय, यावरून माझ्या मनाची काय गत आहे ते तुला कळेल. आईला जाऊन दोन महिने झाले. तुझ्याशी दवाखान्यात भांडून आलो त्यानंतर तू दोनदा निरोप धाडलास, एकदा माझ्या पिठाच्या गिरणीसमोर गाडीही थांबवलीस. मी पट्टा घसरल्याचं निमित्त करून मान वर केली नाही. पट्टा काही घसरला नव्हता. तुझ्या दवाखान्याची पायरी पुन्हा चढायची की नाही, हेच माझं ठरत नव्हतं. त्या दिवशी रागात निम्मं बोलायचं राहिलं, ते आज लिहितो.

आईला, तुझ्या कडूमावशीला, मागच्या चैत्रात प्रेशर निघालं आणि तू एक गोळी सुरू केलीस. आखाडापर्यंत तिचे पाय असे सुजले की चपलेत पाऊल जाईना. तू सुजेचं पाणी उतरावं म्हणून लघवीची गोळी दिलीस. मग ती रात्रीतून चार-चार वेळा उठू लागली, झोप मोडली, तेव्हा झोपेची आली. दिवसा चक्कर यायला लागली, तिची एक. इतक्या गोळ्यांनी पोटात आग पडायची, त्यासाठी एक. ताकदीची तिनेच तुझ्याकडून मागून घेतली. दसऱ्यापर्यंत सहा झाल्या. पाकिटं इकडेतिकडे व्हायची म्हणून मी मसाल्याचा जुना डबा धुऊन घेतला आणि एकेका वाटीत एकेक गोळी भरली. सातव्या वाटीत आईने ओवा ठेवला होता. खरा गुण ओव्याचाच हाय, असं ती म्हणायची आणि हसायची. रोज सकाळी माझी पूजा व्हायची, पोथीचा अध्याय व्हायचा आणि मग मी तिच्या तळहातावर गोळ्या ठेवायचो. ती त्या आधी कपाळाला लावायची. नाव घ्यायची ते देवाचं नाही, तुझं.

कार्तिकात एका सकाळी न्हाणीकडे जाताना तिला भोवळ आली आणि ती पडली. खुब्याचं हाड मोडलं. नगरला नेलं, तिथे एका तरुण डॉक्टरीणबाईंनी चालू औषधं मागितली. मी डबा टेबलावर ठेवला, तेव्हा त्यांना आधी हसूच आलं. मग त्यांनी विचारलं की यातली पहिली कुठली. क्रम मला पाठ होता, मीच तर भरायचो. मी सांगत गेलो तसं त्यांचं बोट एका वाटीवरून दुसरीवर सरकत गेलं आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. पहिली गोळी पुष्कळांना सोसते, काहींचे पाय सुजवते, असं त्या म्हणाल्या. तेव्हाच ती बदलली असती तर पुढच्या बहुतेक लागल्या नसत्या. आई बाविसाव्या दिवशी गेली. माझा हर्षल नागापूरच्या कारखान्यातून रजा टाकून आला होता. तो तुझ्याकडे यायला निघाला, त्याला मी दारात अडवलं. म्हटलं, माणूस आहे, चुकतो. माझ्याकडूनही कधी एकाची बाजरी दुसऱ्याच्या डब्यात जाते. हे मी त्याला शांत करायला म्हणालो नव्हतो. मला तसंच वाटत होतं.

मग तुझी आई आली. बनुमावशी सुतकात रोज एक वेळची भाकरी-कालवण आणायची, हे तुला माहीत आहे. तेराव्यानंतर एका दुपारी ती माझ्याजवळ बसली आणि मला धीर द्यायचा म्हणून सांगू लागली, "माजंबी पाय असंच सुजलं हुतं रं, सहादेवा. वैजू म्हनला, आई, ही गोळी तुला सोसंना. दुसरी दिली, आठ दिसांत पाय हलकं. आजबी येकाच गोळीवर हाय मी." मी विचारलं, कधीची गोष्ट. ती म्हणाली, आखाडातली. वर म्हणाली, माझं पोरगं लई हुशार हाय. वैजनाथ, तिच्या तोंडावर तुझं इतकं कौतुक होतं की मी नुसती मान हलवली. तिला पाणी दिलं, फाट्यापर्यंत पोचवलं. आणि तिथून घरी न येता तडक तुझ्याकडे आलो.

तू खोटं बोलला नाहीस, एवढं तुझं मान्य करतो. आतल्या खोलीचं दार लोटून घेतलंस आणि म्हणालास, "कडूमावशीला गोळी न वाढवता परत पाठवलं असतं, तर तूच तिला दुसरीकडे नेलं असतंस." मग हर्षलच्या तापाची आठवण काढलीस. तुझं ते पहिलं वर्ष होतं. साधा ताप आहे, ओल्या फडक्याने पुसत राहा, पेज द्या, तीन दिवसांत उतरेल, असं तू सांगितलं होतंस. मी त्याच संध्याकाळी पोराला दुसऱ्या डॉक्टरकडे नेऊन सुई टोचून आणली. आणि दुसऱ्या दिवशी गिरणीवर, पंधरा-वीस बायामाणसांत म्हणालो, "माज्याकडं दाणं आणा, पीठ घिऊन जावा. वैजूकडं दुखणं घिऊन जावा, दुखणंच घिऊन या." सगळे हसले. गिरणीवरचं बोलणं पिठासारखं घराघरांत जातं. सहा महिने तुझी बाकडी रिकामी होती, हे तू मला त्या दिवशी प्रथमच सांगितलंस. मग तूही सुई हातात घेतलीस आणि बाकडी भरली. समजावून सांगायला पाव तास लागतो, गोळी लिहायला तेवढा लागत नाही, बाहेर चाळीस माणसं बसलेली असतात, असं म्हणालास. शिवाय पहिली गोळी बदलली असती तर सहादेव गिरणीवर म्हणाला असता, वैजूने आधी चुकीची दिली होती, असंही म्हणालास.

म्हणालो असतो. त्या चेष्टेचं पाप माझं आहे, देवापुढे कबूल केलं, तुझ्यापुढेही करतो. पण मी अडाणीपणाने हसलो होतो. तू जाणून केलंस. मला रात्रंदिवस टोचतं ते हेच की तुला सगळं ठाऊक होतं. एकाच महिन्यात, एकाच दुखण्याला, तुझ्या आईला तू मुलगा होऊन उत्तर दिलंस आणि माझ्या आईला गिऱ्हाईक केलंस. तिनं तुला पोटच्या पोरासारखं जेवू घातलं होतं. शाळेत आपण एका डब्यात जेवायचो, त्यातली अर्धी भाकरी तिची असायची. एकच वाक्य मला सांगायचं होतंस, की सहादेवा, ही गोळी तिला सोसत नाही. मी ऐकलं असतं का? बहुतेक नसतं. पण मग न ऐकल्याचा दोष तरी माझ्या पदरी असता. तू तोही मला मिळू दिला नाहीस. आणि ती गोळी रोज माझ्याच हाताने तिच्या तळहातावर पडत राहिली.

आता हे सगळं आज का लिहिलं, ते सांगतो. मागच्या महिन्यात शाळेतल्या तपासणी शिबिरात माझ्या बायकोला, राजेश्वरीला, प्रेशर निघालं. तिथल्या डॉक्टरांनी गोळी लिहून दिली. पाकिटावरचं नाव मी वाचलं, पहिल्या वाटीतलीच आहे. चार दिवसांपासून तिचे पाय सुजताहेत. हर्षल म्हणतो, नगरला न्या. ती म्हणते, तुम्ही म्हणाल तिकडं. सोमवारी, बाजारच्या दिवशी, मी तिला तुझ्याकडे आणतोय. आतल्या खोलीत नेऊ नकोस. बाकड्यांवर बसलेल्या सगळ्यांदेखत बघ आणि बनुमावशीला जे सांगितलंस तेच मोठ्याने सांग. द्यायचं नसेल ते देऊ नकोस. आम्ही रिकाम्या हाताने उठू, दुसरीकडे जाणार नाही, आणि मी सगळ्यांसमोर तुला हात जोडीन. याला माफी समजू नकोस. ती मी रोज पोथीसमोर बसून शोधतो, अजून सापडलेली नाही. पण या बाईच्या जिवासाठी मला तुझ्यातला तो दुसरा डॉक्टर हवा आहे, तुझ्या आईचा. तिचे पाय बघशील तेव्हा मी काय म्हणेन, बाहेरचे काय म्हणतील, हे मनात आणू नकोस. नुसते पाय बघ.

तुझाच,
सहादेव