आखाजीपर्यंत डावा खांदा

१८ मार्च
डावा हात ब्लाउजच्या बाहीत जाईना. आधी स्वतःवर चिडले, मग रोहिणीवर. तिचा काय दोष? संक्रांतीपासून माझा अंबाडा ही सूनबाईच घालते, वर माझी बोलणी खाते. शेवटी आज तिच्यासोबत हाडांच्या डॉ.कडे. फ्रोजन शोल्डर. सांध्याभोवतीची पिशवी आवळून बसलीय म्हणे. माझी शुगर आधीच वर, म्हणून स्टिरॉइड नको. त्याऐवजी जागा बधिर करून, सोनोग्राफीत बघत, आत सलाईनचं पाणी भरायचं नि पिशवी ताणायची. गुण येईलच असं नाही, आणि व्यायाम टाळला तर मुळीच नाही. माणूस सरळ वाटला. मी एकच विचारलं, अक्षय्य तृतीयेला, आमच्या आखाजीला, मांडे करता येतील का? तर हसले. हसण्यासारखं काय होतं त्यात? मंगळवारची वेळ दिली.

२० मार्च
वर्षाचा नाशिकहून फोन. आखाजीला माहेरी येतेय, पोरंही. "आई, मांडे ना?" हो म्हटलं. एकतीस वर्षं या घरात खापराला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नाही. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर फिरवत फिरवत पार कोपरापर्यंत वाढवायचा नि चुलीवर उपड्या घातलेल्या मातीच्या खापरावर टाकायचा. एका हाताचं काम नाही ते. रो. हळूच म्हणाली, यंदा मी करू का? बघू म्हटलं. म्हणजे नाही. तिलाही ते कळतं.

२३ मार्च
असोद्याला थोरल्या बहिणीकडे, अक्काकडे. इंजेक्शनचं ऐकून ती भडकलीच. पाणी भरून कुठं खांदा सुटतो का, म्हणे. आपली आई बिब्बा लावायची, विसरलीस? नाही विसरले. अक्काने बिब्बा तापवून खांद्यावर गोल टिपके दिले. मरणाची आग. पण आग होते म्हणजे आतलं निघतंय असं आपलं वाटलं. रो.ला सांगितलं नाही.

२५ मार्च
फजिती. खांद्यावर टपोरे फोड. डॉ.नी ब्लाउज सरकवून बघितलं, सुई खाली ठेवली. "हे कोणी केलं?" कातडी पूर्ण बरी होईपर्यंत सुई लावणार नाही, आतपर्यंत जंतू जातील. वर चांगलं फैलावर घेतलं. म्हणजे दोन-अडीच आठवडे गेलेच. रिक्षात रो. तोंड फिरवून बाहेर बघत बसली. त्यापेक्षा भांडली असती तर बरं झालं असतं.

अक्काला फोन केला. ती म्हणाली, फोड आले म्हणजे लागू पडलं. फोन ठेवला.

११ एप्रिल
झालं एकदाचं. आधी चुरचुर, मग बधिर. मग पाणी जायला लागलं तसं आतून गच्च गच्च दाबल्यागत. डोळे मिटून घेतले. मांड्याच्या कणकेला पाणी लावून लावून, आपटून तार आणतात, तसंच हे, असं मनात म्हणत राहिले. म्हणून की काय, घाबरले नाही. बाहेर आल्यावर हात उगाच हलका. डॉ. म्हणाले, हे बधिर केल्याचं सुख आहे, फार खूश होऊ नका. झालेच मी.

१४ एप्रिल
सुख उतरलं. ठणका. तरी बोटं भिंतीवर चालवते, सकाळ-संध्याकाळ. स्वयंपाकघराच्या टाइल्स मोजून. आज चौथी.

१९ एप्रिल
सहावी! रो.ला हाक मारून दाखवलं. तिने आधी माझ्या पायांकडे बघितलं. ती एरवी शुद्ध बोलते, वैतागली की साक्रीचं माहेर बाहेर येतं. "आई, टाचा खाले टेका. भिंतले फसवीसन काय फायदा व्हई?" टेकल्या. पाचवी. पाच तर पाच.

२७ एप्रिल
दुपारी दार लावून ओला पंचा हातांवर फिरवून बघितला, मांड्यासारखा. डावा कोपर खांद्याच्या वर जाईचना. पंचा दोनदा खाली पडला. बसून रडले जरा. मग उठून माळ्यावरचं खापर काढायला सांगितलं. रो.ने काढलं. धुऊन तिच्याच हातात ठेवलं आणि म्हटलं, यंदा तू. तिने खापर दोनदा परत धुतलं.

३० एप्रिल, आखाजी
मागच्या अंगणात चूल. मी स्टुलावर, सूचना द्यायला. पहिला मांडा फाटला. मी तोंड उघडणार तोवर दुसरा तिने असा वाढवला की पलीकडची जास्वंद दिसावी. कुठं शिकलीस? म्हणाली, बारा वर्षांची असल्यापासून आईसोबत करत होते. सात वर्षं झाली तिच्या लग्नाला. मी कधी विचारलं नाही. लाज वाटली. वर्षाने रसात बुडवून खात विचारलं, कोणी केले? मी म्हटलं, रोहिणीने. माझ्यापेक्षा पातळ होते, ते मात्र इथंच लिहिते.

शेवटचा गोळा तिने माझ्यापुढे धरला. एक तरी तुमचा. केला. पुरीपेक्षा जरा मोठा, जाडजूड. नातवाने तोच मागून घेतला. दिवस फार छान गेला.

२२ मे
डॉ.कडे. हात बराच वर जातो. पाण्याने, व्यायामाने, की आपोआप सुटत आला? डॉ. म्हणाले, तिन्हीचं थोडं थोडं असेल. पुन्हा भरायचं का, ते महिन्याने बघू.

दुपारी रो. बाजारात गेलेली. सहज आरशासमोर दोन्ही हात मागे नेले. गेले. अंबाडा झाला, वाकडा, पण माझा मी घातलेला. किती वेळ बघत बसले.

फाटकाची कडी वाजली तसा सोडून टाकला. सकाळी ती फणी घेऊन मागे बसते, साक्रीच्या गोष्टी सांगते, माझ्या केसांना तेल लावते. सांगायचं तर आहेच तिला. उद्या नको.