निघाल्यावरचा केर

८ जून
नवं घर! वाघोली, अकरावा मजला, लिफ्टमध्ये आरसा. येरवड्याच्या दोन खोल्यांपुढे राजवाडाच. आईने दूध उतू घालवलं आणि मग तासभर ओटा घासत बसली. खोक्यातून जुनी केरसुणी निघाली, तेव्हा शेजारच्या नम्रताकाकू म्हणाल्या, नव्या घरात जुनी आणत नाहीत हो. आईने ऐकवलं, की ती अजून चांगली आहे, आणि तुम्हाला चहाला बोलावलंय, तपासणीला नाही. कितीतरी दिवसांनी मी हसले.

मार्चपासून मी घराबाहेर पडलेले नाही, हे इथे कोणालाच माहीत नाही. सामान हलवलं त्या दिवशी तेवढी टॅक्सीत होते, डोळे मिटून, आईच्या मांडीवर. जुलैत अकरावी सुरू होईल. तोवर बाहेर पडायला शिकायचंय.

११ जून
शेफालीताई माझ्या समुपदेशक, व्हिडिओ कॉलवर भेटतात. म्हणाल्या, रोज उंबऱ्याबाहेर थोडं थोडं जा. पाय थिजले की डायरीत लिही, लिहिता लिहिता सुटतात.

आज त्यांना सगळं सांगितलं. मार्चमध्ये स्वारगेटला बाबांच्या स्कूटरला गाडीने उडवलं. मी मागे बसले होते, मला नुसतं खरचटलं. बाबा गेले. त्यांना घरातून नेलं आणि लगेच कोणीतरी घर झाडून काढलं. एरवी कोणी बाहेर पडल्या पडल्या केर काढत नाहीत, माणूस परत यायचा असतो म्हणून. बाबांच्या मागे काढला. याच केरसुणीने. तो आवाज माझ्या कानातून जात नाही.

१६ जून
लिफ्टपर्यंत गेले! आई ऑफिसात होती. बटण दाबलं, आणि मागे आमच्या रिकाम्या घरात कोणीतरी केर काढायला लागलं. खस्स, खस्स. सावकाश.

धावत आत आले. कोणी नाही. केरसुणी गॅलरीत, जागच्या जागी. पण सकाळी माझ्या हातून सांडलेले पोहे फरशीवर नव्हते. शेफालीताई म्हणतात, मेंदू जुने आवाज पुन्हा वाजवतो. पोह्यांचं मी त्यांना सांगितलंच नाही.

२१ जून
केरसुणी नको वाटते एवढंच म्हटलं, तर माझ्यासाठी आईने ती कचऱ्याच्या गाडीत टाकली. मी पाऊल बाहेर टाकलं. खस्स. आत घेतलं. थांबलं. पुन्हा बाहेर — खस्स.

हे घर मला गेलेलीच धरतंय. मला कॉलेजला जायचंय. मला जगायचंय. आईला कसं सांगू? आधीच ती बाथरूममध्ये नळ सोडून रडते.

२७ जून
आई निघाली. दार लागलं. लगेच —

खस्स. खस्स.

मी आतच आहे. हे माझ्यामागचं नाही. हे आईच्या —

तिचा फोन इथेच, चार्जरला. नम्रताकाकू उचलत नाहीत. गॅलरीतून ओरडले, अकराव्या मजल्यावरून काय ऐकू जाणार. खाली ती तिच्या स्कूटरच्या कव्हरची घडी घालतेय. टिकलीएवढी दिसते. आता धावले तर —

पाय हलत नाहीत. म्हणून लिहितेय. हला. हला ना.

हॉल झाडून झाला. केर आपोआप दाराकडे सरकतोय. बाबांच्या वेळी तो उंबऱ्याबाहेर गेला, आणि बाबा परत आले नाहीत.

दाराशी आला. ओलांडून जावं लागेल. माझ्याही मागे काढेल. काढू दे. आईच्या नको, देवा, आईच्या नको —

पाय सुटला. आई थांब, मी ये