बैठकीतल्या विटा आणि शेजारचा होरेस

लीड्स, १८ नोव्हेंबर १९८४

प्रिय हेस्टरताईस,

धाकट्या क्लिफर्डचा नमस्कार. तुझा गुडघा, तुझं मांजर आणि स्कारबरोचा वारा, तिघंही ताळ्यावर असतील अशी आशा आहे. आम्ही खुशाल. मॉरीन परवापासून माझ्याशी पुन्हा बोलू लागली आहे.

अबोल्याचं कारण बैठकीतली फायरप्लेस. भोवतालचा गिलावा काढला की आत जुन्या लाल विटा निघतात, असं मी एका मित्राकडे पाहिलं होतं (त्याने गवंडी लावून करून घेतलं होतं, हे नंतर कळलं). मी शनिवारी छिन्नी उचलली. गिलावा निघाला, त्याबरोबर विटांचे टवकेही निघाले, आणि धूळ इतकी की रविवारचं भाजलेलं मटण मॉरीनने नळाखाली धुऊन वाढलं. वर म्हणाली, "ख्रिसमसच्या आत भिंत माणसांत आली नाही, तर सगळी लिंपून वर कागद चिकटवीन. जांभळ्या फुलांचा!" ही नुसती धमकी नव्हती, कागदाची गुंडाळी तिने आणूनच ठेवली होती.

घाबरून मंगळवारी मी सिमेंट कालवायला घेतलं, तोच भिंतीवर पलीकडून तीन धपके पडले. पलीकडे होरेस राहतो, निवृत्त गवंडी. भाज्यांच्या प्रदर्शनातल्या त्याच्या कांद्याला मी 'आत नुसती हवा' म्हणालो, तेव्हापासून नऊ वर्षं तो माझ्याशी बोलला नव्हता (त्या कांद्याला पहिलं बक्षीस मिळालं, तरीही). दोन मिनिटांत सपातांवरच तो दारात हजर.

"तीन दिवस ऐकतोय. विटा साफ करतोयस की दात उपटतोयस? आणि आता सिमेंट? जुन्या विटेला श्वास घ्यायला लागतो, गाढवा. चुना आण!"

"सिमेंट आहे हे भिंतीपलीकडून कसं कळलं?"

"फावड्याच्या आवाजावरून. चाळीस वर्षं काय झोपा काढल्या मी?"

तेव्हापासून तो रोज येतो. बादली धरणं एवढंच माझं काम, आणि तीही मी वाकडी धरतो म्हणे. फुटक्या विटा त्याने अलगद काढून पाठ पुढे करून बसवल्या, विटांमधल्या फटींत चुना भरला. परवा त्याने ओल्या फडक्याने भिंत पुसली, आणि काय रंग उजळला, ताई! आम्ही तिघंही चहा हातात धरून नुसते बघत राहिलो. मॉरीनने तो कागद दुकानात परत दिला आणि केकचा पहिला तुकडा होरेसला (मला कडेचा). चुना वाळेपर्यंत विस्तव पेटवायला मात्र त्याची बंदी आहे.

तुझा,
क्लिफर्ड

ता. क. काही विटांचा पार भुगा झाला. त्याच मापाच्या, त्याच भट्टीच्या विटा आता मिळत नाहीत. बाबांनी याच घराच्या परसातली धुण्याची खोली पाडली तेव्हा तिच्या विटा तू गुलाबांच्या कडेला लावायला नेल्या होत्यास, त्या आहेत ना? रविवारी होरेसच्या गाडीतून न्यायला येऊ का?

ता. क. २. खरं सांगायचं तर भिंतीत जागा तीनच विटांची आहे. होरेस म्हणतो चोवीस लागतील, आणि जुनी वीट एका खेपेला दोनाहून जास्त नेऊ नये. ईस्टरला आली होतीस तेव्हा त्याने तुला पाहिलं होतं म्हणे. तू अजून एकटीच राहतेस का, हे त्याने तीनदा विचारलं, आणि आज केस कापून आला. पहिल्या खेपेला रस्ता दाखवायला मी येईन. पुढच्या अकरा खेपांना माझी गरज नाही, असं त्यानेच मला बजावलं आहे.