फियाटला सायकलचा कॅरिअर

॥ श्री ॥
सातारा, ता. ६ जानेवारी १९७४

चि. केरबास थोरल्या भावाचे उदंड आशीर्वाद.

विशेष. तुझं कार्ड पोचलं. साळूबाईचा गुडघा अजून धरतो हे वाचून तुझी वहिनी म्हणते, की एरंडेल कोमट करून चोळायला सांगा, गार तेल चोळून काही व्हायचं नाही. तिचं डॉक्टरीपण तुला माहीतच आहे. माझ्यावर ते चाळीस वर्षं चाललंय आणि मी अजून उभा आहे.

लीला बरी आहे. दिवाळीला सासरहून निघून ती सांगलीला तुझ्याकडं न येता थेट माझ्या दारात आली, याचा तुला राग आहे हे मला ठाऊक आहे. मिरज-सांगली हाकेच्या अंतरावर, आणि लेक सातारा गाठते, म्हणजे बापाला लागणारच. पण पोर दोन महिन्यांत अंगानं जरा भरली आहे. तुझ्या वहिनीला चुलीपाशी जाऊ देत नाही. घाई करू नकोस एवढंच म्हणतो.

आता कामाचं. आपल्या फियाटला सायकल वाहून न्यायला काही तरी करायचं आहे. या वयात सायकल चांगली, असं इथले डॉक्टर म्हणतात. पण साताऱ्यात सपाट जागा कुठली? घरातून निघालं की एक तर चढ, नाही तर उतार. कोरेगावच्या रस्त्याला एक माळ आहे, तळहातासारखा. तिथवर सायकल गाडीवरून न्यावी असा बेत आहे. दोनदा टपावर दोरीनं बांधून नेली, तर रंगाचे पोपडे निघाले. गाडी माझ्या आधी दोघांनी वापरलेली, तिला रंग तेवढाच काय तो शिल्लक आहे.

तू तीस वर्षं सायकलचं दुकान चालवलंस. हलक्या किमतीचा, पण दगा न देणारा असा कॅरिअर कुठला ते बघून कळव. पेट्रोलचे भाव असे भडकलेत, की गाडी दाराशी उभी असली तरी खाते असं वाटतं. तेव्हा फार खर्चात पाडू नकोस.

माया आहे तशीच दाट ठेव.
तुझा दादा,
आकाराम


॥ श्री ॥
सांगली, ता. १५ जानेवारी १९७४

ति. दादांच्या चरणी केरबाचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

तिळगूळ निराळ्या पुडीत पाठवला आहे. वहिनींना नमस्कार.

तुम्ही या वयात सायकल चालवणार हे वाचून साळू हसत बसली. पलटणीत जन्मभर ट्रक हाकला, तेव्हा सायकलकडं ढुंकून पाहिलं नाहीत. असो. कॅरिअरची चौकशी केली.

टॅक्सीवाले टपावर लावतात तो मोठा कॅरिअर नवा घेतला तर शंभराच्या पुढं जातो. तो टपाच्या कडेच्या पन्हळीला आवळतात. एका सायकलसाठी एवढा सांगाडा म्हणजे चैन आहे. जुन्या बाजारात एक होता, पण त्याचे पाय गंजून कागदासारखे झालेत. तो घाटात तुमच्या आधी खाली उतरेल. माझ्या मते सर्वांत परवडणारा म्हणजे मागचा. बंपरला दोन पट्ट्या, त्यातून वर दोन लोखंडी आकडे. सायकल दांडीनं आकड्यावर अडकवायची आणि जुन्या ट्यूबनं बांधायची. ओळखीच्या लोहाराकडून पंचविसात होईल. फक्त सीटच्या नळीपासून हँडलच्या नळीपर्यंत दांडी किती इंच आहे ते मोजून कळवा.

दुसरं असं, की मिरजेहून व्याह्यांचा निरोप आला. लीला रुसून गेली, तिनं चार माणसांत चूक कबूल केली तर घेऊन जाऊ म्हणतात. जावयाची रेल्वेची नोकरी, माणसं खाऊनपिऊन सुखी. सहा वर्षं झाली, मूल नाही, तरी तिला कोणी बोललं नाही असं ते सांगतात. दादा, तुम्ही तिचे लाड करता, पण लेक किती दिवस ठेवायची? पाडव्याच्या आत तिला पोचवावी असं माझं मत आहे. लोक मला तोंडावर विचारायला लागलेत.

आपला कृपेचा हात मस्तकी राहू द्यावा.
आपला,
केरबा


॥ श्री ॥
सातारा, ता. २४ जानेवारी १९७४

चि. केरबास आशीर्वाद.

तिळगूळ पोचला. तुझी वहिनी म्हणते गूळ जरा कडक झालाय. म्हणते आणि खाते.

मागचाच कॅरिअर करायला सांग. सीटच्या नळीपासून हँडलच्या नळीपर्यंत सुतळीनं मोजलं, ते बावीस इंच भरलं. आकडे मजबूत कर. गाडीचा मागचा दिवा आणि नंबर झाकणार नाही असं बघ. इथला पोलीस माझ्या ओळखीचा आहे, पण मेढ्याच्या रस्त्याला कोण भेटेल सांगता येत नाही.

आणखी एक. मागच्या चाकाला बसवायची जाळी मिळते ना, कपडा अडकू नये म्हणून, तीही एक पाठव. धोतराचा सोगा चाकात जायची भीती वाटते.

लीलाविषयी लिहिलंस ते वाचलं. चार माणसांत चूक कबूल करायची तर आधी चूक कोणती ते चार माणसांना सांगावं लागेल. ते व्याह्यांनी निरोपात सांगितलंय का? पाडवा अजून लांब आहे. तिच्या हातचं पिठलं मी खातोय ते तुला बघवत नाही असं दिसतं.

लोभाला ओहोटी लागू देऊ नकोस.
तुझा दादा


॥ श्री ॥
सांगली, ता. ५ फेब्रुवारी १९७४

ति. दादांस शि. सा. नमस्कार.

कॅरिअर बिराप्पा ड्रायव्हरच्या एस. टी.तून पाठवला आहे. तो गुरुवारी दुपारी साताऱ्याच्या स्टँडवर असेल, त्याच्याकडून उतरून घ्यावा. आकडे अर्ध्या इंची सळईचे केले आहेत. त्यांना जुन्या टायरचे तुकडे गुंडाळलेत, म्हणजे दांडीचा रंग जायचा नाही. दिवा, नंबर दोन्ही मोकळे राहतात.

जाळी पाठवली आहे. पण दादा, तुम्ही धोतर कधीपासून नेसायला लागलात? मी जन्मात तुम्हाला पँटीशिवाय पाहिलेलं नाही. आपल्या आबांच्या दहाव्यालाही तुम्ही खाकी पँट घालून बसला होतात आणि भटजी कुरकुरले होते. ती जाळी लेडीज सायकलला बसते. तीस वर्षांत एकाही पुरुषानं माझ्या दुकानात ती मागितली नाही. काय चाललंय ते सरळ कळवावं.

येत्या आठवड्यात व्याह्यांना सांगून मिरजेला जाणार आहे. बोलणं मिटवून टाकतो.

चुकलंमाकलं पोटात घालावं.
आपला,
केरबा


॥ श्री ॥
सातारा, ता. १३ फेब्रुवारी १९७४

चि. केरबास आशीर्वाद.

तू धरलंस ते बरोबर आहे. मी तुला खोटं एक अक्षर लिहिलं नाही, धोतराचं सोडून. पण खरंही लिहिलं नाही. पलटणीत साक्षर झालेला माणूस मी, बनवाबनवीची पत्रं लिहायची मला सवय नाही. आता उलगडून सांगतो.

सायकल लेडीज आहे. तिला दांडी नाही. तू मोजायला सांगितलंस तेव्हा मी दोन नळ्यांच्या मधली मोकळी हवा मोजली आणि बावीस इंच म्हणून कळवलं. कॅरिअर झकास झालाय, पण आकड्यावर अडकवायचं काय? मग दोन नळ्यांना आडवा बांबू बांधला आणि बांबू आकड्यावर टाकला. सायकल घोंगड्यात गुंडाळली. गल्लीत दोघांनी विचारलं, की कोणाला दवाखान्यात नेताय. माळाच्या अलीकडं बांबू सटकला. सायकल एका आकड्याला लोंबत फर्लांगभर रस्ता घासत आली. मागून येणाऱ्या बैलगाडीवाल्यानं ओरडून थांबवलं. पायडल वाकलं आणि साखळीचं झाकण चेपलं. आणखी काही झालं नाही.

शिकते आहे ती लीला. मेढ्याकडं एका संस्थेच्या बालवाड्या आहेत. नदीकाठच्या चार गावांतल्या बालवाड्या बघायला त्यांना बाई पाहिजे. पगार एका माणसाला पुरेल इतका, राहायला खोली. अट दोनच. मॅट्रिक पास पाहिजे आणि सायकल आली पाहिजे. वीस मार्चला समोर चालवून दाखवायची आहे. गल्लीत शिकवली असती तर तिसऱ्या दिवशी ते एस. टी.नं सांगलीला आणि चौथ्या दिवशी मिरजेला पोचलं असतं. म्हणून माळ, म्हणून घोंगडं, म्हणून तुझ्याकडून कॅरिअर. बापाच्याच हातून करून घ्यावा, हे माझ्या मनात नव्हतं असंही म्हणत नाही.

पहिले चार दिवस मी सीट धरून धावलो. डॉक्टर खूश आहेत. दोनदा पडली. एकदा मीच तिच्यावर पडलो. आता सरळ जाते, वळताना थांबते.

मिरजेला काय झालं ते तिनं तुझ्या वहिनीला सांगितलंय. मी ते कागदावर घालणार नाही. तू बाप आहेस, स्वतः बघ. पण निरोप धाडून जाऊ नकोस. असाच जा. आणि तिचा मॅट्रिकचा दाखला तिथं तिच्या ट्रंकेत आहे. तो नसला तर सायकल येऊन उपयोग नाही. मागायला ती स्वतः जाणार नाही. मी गेलो तर भांडण होईल, माझा स्वभाव तुला माहीत आहे. आणायचा की नाही ते तू ठरव. आणला नाहीस तर मी तुला दोष देणार नाही, आणि पाडव्याला तिला तुझ्याकडं आणून सोडीन. हा माझा शब्द.

राग आला तरी पत्र टाक.
तुझा दादा


॥ श्री ॥
सांगली, ता. ४ मार्च १९७४

ति. दादांस शि. सा. नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. पत्र दोन दिवस खिशात ठेवलं, साळूलाही दाखवलं नाही. रागानंच ठेवलं होतं, ते लपवत नाही.

गेल्या महिन्याच्या सोळा तारखेला मिरजेला गेलो, निरोप न देता. दुपारची वेळ होती. दार एका पोरीनं उघडलं. हातात हिरवा चुडा, अंगावर लीलाची जांभळी इरकल, मी गेल्या पाडव्याला तासगावच्या दुकानातून घेतलेली. मला ओळखत नव्हती. आवं बसा, सासूबाई देवाला गेल्यात, म्हणाली, आणि पाणी दिलं. लीलापेक्षा लहान आहे. तिला कोणी काय सांगून आणलंय देव जाणे. मी पाणी प्यालो.

व्याही आले. आधी दूरच्या नात्यातली आहे म्हणाले. मग लीला परत आली तर दोघी बहिणीसारख्या राहतील म्हणाले. मी भांडलो नाही. ट्रंक मागितली. त्यांनी ती पडवीत काढून ठेवलेलीच होती, वर बटाटे पसरले होते. मी बटाटे बाजूला केले आणि ट्रंक घेऊन स्टेशनवर आलो. दाखला तळाशी वर्तमानपत्राखाली होता. तो रजिस्टरनं पाठवला आहे. ट्रंक माझ्याकडं राहू द्या.

दादा, तीस वर्षं मी सायकलचं दुकान चालवलं. निम्म्या सांगलीला सायकली भाड्यानं दिल्या. पोटच्या पोरीला सायकल येत नाही, हे तुमचं पत्र वाचेपर्यंत माझ्या ध्यानात आलं नव्हतं. ती लहानपणी दुकानाच्या दारात येऊन उभी राहायची. पोरीच्या जातीनं दुकानात थांबू नये म्हणून मी तिला घरी धाडत होतो.

आता कॅरिअरचं. आकड्यांचा काढून टाका. टपावरचा नवीन केला आहे. लोहाराकडं दिला नाही, स्वतःच केला, डोळे पूर्वीसारखे नाहीत म्हणून दिवस लागले. गंजलेल्या कॅरिअरचे पाय टाकून दिले आणि वरचा भाग तेवढा भंगाराच्या भावात घेतला. पाय नवे केलेत. वर दोन लोखंडी चर ठेवलेत. चाकं त्यात उभी राहतात आणि सीटच्या नळीला कातडी पट्टा येतो. याला दांडी लागत नाही. पायांखाली रबर आहे, तुमचा रंग जायचा नाही. खर्च पहिल्याइतकाच आला. सोबत एक पायडलचा जोड आणि साखळीचं झाकण आहे. पायडलाची डावी बाजू उलट्या आट्याची असते, ते विसरून जोर लावू नका.

वळताना थांबते म्हणजे ती चाकाकडं बघते. तिला म्हणावं, जायचंय तिकडं बघ. गिऱ्हाइकांच्या पोरांना मी हेच सांगायचो.

वहिनींस नमस्कार. सांभाळून घ्यावं.
आपला,
केरबा


॥ श्री ॥
सातारा, ता. २२ मार्च १९७४

चि. केरबास व साळूबाईस आशीर्वाद.

दाखला वेळेवर पोचला. कॅरिअर टपावर असा बसला, की जणू गाडीबरोबरच आला होता. घोंगडं घातलं नाही. सायकल उघडी टपावर उभी करून बाजारातून गाडी काढली. तुझी वहिनी मागच्या सीटवर पाट्यासारखी ताठ बसली होती. लोकांनी बघितलं. बघू दे.

मेढ्याला संस्थेचे एक वयस्क गुरुजी होते, खादीचे, मोजकं बोलणारे. त्यांनी आवारात चिंचेच्या झाडाभोवती दोन फेऱ्या मारायला सांगितल्या. वळताना लीला थांबली नाही. उतरताना मात्र चप्पल निसटली आणि एका पायावर दोन उड्या मारल्या. गुरुजींनी उतरण्याचे गुण नाहीत म्हणून सांगितलं. ते विनोद करतात हे आम्हाला उशिरा कळलं.

मग कागद तपासले. अर्जावर मी सासरचं नाव घातलं होतं, रीत म्हणून. दाखला माहेरच्या नावाचा. गुरुजींनी विचारलं, रजिस्टरात कोणतं लिहू. मी काही बोलणार होतो, पण तुझ्या वहिनीनं माझी बाही ओढली. लीला म्हणाली, "दाखल्यावर आहे तेच लिहा." गुरुजींनी दौत पुढं ओढली आणि तेच लिहिलं.

ती तिथंच राहिली. खोली बरी आहे, दाराला कडी आहे, विहीर जवळ आहे. सायकल तिच्याकडं ठेवली. आम्ही परत येताना टप मोकळा होता, तर वळणावर पट्टा पत्र्यावर वाजत होता. थांबून बांधून घेतला.

तू तिला पत्र टाकशील असं मी धरून चालतो. काय लिहायचं ते तुझं तू बघ. नावापुढं सौ. घालू नकोस आणि कुमारीही घालू नकोस, तिनं काहीच नको म्हटलंय. पत्ता खाली देतो, तसाच घाल. तिथल्या पोस्टमनला दुसरं नाव माहीत नाही.

लीला केरबा मोहिते,
बालवाडी, मु. पो. मेढा, जि. सातारा.

तुझा दादा,
आकाराम