तुळसाबाईंच्या तोंडी घातलेला अभिमान

प्रति,
मा. सरकारी कामगार अधिकारी,
भंडारा

विषय : वर्तमानपत्रात छापलेले उद्गार माझ्या सासूबाईंचे नसल्याने ते त्यांचा जबाब म्हणून न धरण्याबाबत.

संदर्भ : ठेकेदाराच्या हलगर्जीपणाबद्दल मी केलेल्या तक्रारीवर ठेकेदाराने दिलेले लेखी उत्तर व सोबत जोडलेले कात्रण.

माननीय साहेब,

मी रत्नमाला संघपाल रामटेके, राहणार अड्याळ, तालुका पवनी. माझे पती संघपाल हे एका खाजगी ठेकेदाराकडे मजूर म्हणून सीमेकडच्या डोंगरात रस्त्याच्या कामावर होते. कमरेला दोरी बांधून कड्यावर लोंबकळत खडकाला भोके पाडणे, हे त्यांचे काम. गेल्या जून महिन्यात दोरी तुटून ते दरीत पडले व मरण पावले. त्यांच्यासोबत काम करणारे सानगडी गावचे इश्वर हे पार्थिव घेऊन आले. त्यांनी अंगणात सर्वांसमक्ष सांगितले, "दोरी दगडावर घासून अर्धी झाली होती. बदला, बदला म्हणून आमी मुकादमाले सांगून राहिलो होतो. डोक्यावर हेल्मेटवाली टोपी तं कोणाच्याच नव्हती."

त्याच दिवशी एका दैनिकाचे गावचे वार्ताहर श्री. धनंजय आले. माझ्या सासूबाई तुळसाबाई त्यांना जे म्हणाल्या ते मी शेजारी बसून ऐकले आहे. त्या म्हणाल्या, "माह्या पोराले टोपी काहून नाही देली? दोरी कोणं पाहली होती? मले कोणीच सांगून नाही राहिलं." याशिवाय त्या काहीही बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर मथळा आला : "दुसरा पुत्र असता तर तोही देशाला दिला असता – वीरमातेचे उद्गार". खाली असे होते की, राष्ट्रउभारणीच्या यज्ञात संघपालने प्राणांची आहुती दिली व तो वैकुंठवासी झाला. आम्ही बौद्ध आहोत, साहेब. आमच्याकडे विहारात वंदना झाली. वैकुंठाला कोणी गेले नाही. त्या संपूर्ण बातमीत 'मजूर' हा शब्द नाही, 'अपघात' नाही आणि 'दोरी' तर नाहीच. इश्वर यांनी सांगितलेल्या हकिकतीच्या जागी "सहकाऱ्याने दिली साश्रू मानवंदना" एवढी एक ओळ आहे.

मी धनंजय यांना जाब विचारला. ते रागावले नाहीत, उलट समजावू लागले. "वहिनी, बॉडी सीमेवरून आली तं बातमी तशीच लिहा लागते. टोपीची बातमी आतल्या पानावर दोन ओळी जाते. बलिदानाची पहिल्या पानावर जाते. म्या तं तुमचं भलंच केलं."

सासूबाईंचे शब्द होते तसे का छापले नाहीत, असे विचारल्यावर ते म्हणाले, "त्यायची बोली पेपरात चालत नाही ना. ते रविवारच्या हसवाच्या सदरात चालते."

म्हणजे माझ्या सासूला रडायचे असेल तर पुणेरी मराठीत रडावे लागेल आणि स्वतःच्या बोलीत बोलायचे असेल तर लोकांना हसवावे लागेल. मी बारावीपर्यंत शिकले म्हणून आपल्याला कळेल अशा भाषेत हा अर्ज लिहू शकते. त्या शिकलेल्या नाहीत. त्यांचे दुःख छापण्याजोगे नाही, हे मला त्या दिवशी कळले.

त्यानंतर चौकात फलक लागला. त्यावर माझ्या पतीच्या डोक्यावर सैनिकाची टोपी चिकटवली होती. कामावर जी टोपी मिळाली नाही ती फलकावर मिळाली. पंधरा ऑगस्टला सासूबाईंना व्यासपीठावर बोलावून शाल-श्रीफळ दिले आणि दोन शब्द बोला म्हणाले. त्यांनी माईक हातात धरला व म्हटले, "माह्या पोराले दोरीनं मारलं. ते दोरी कोणाची होती, इचारा ना कोणी." मागून कोणीतरी जयघोष सुरू केला. सगळे उठून उभे राहिले. मीसुद्धा उभी राहिले, कारण बसून राहिले असते तर उद्या माझीच बातमी झाली असती. सासूबाई माईक धरून तशाच थांबल्या. दुसऱ्या दिवशी छापून आले, "वीरमातेचा कंठ अभिमानाने दाटून आला".

इथवरही मी सहन केले असते. परंतु आता ठेकेदाराने कामगार कार्यालयात दिलेल्या उत्तरात तेच कात्रण जोडून लिहिले आहे की, मृताच्या मातेने हा मृत्यू बलिदान म्हणून अभिमानाने स्वीकारला आहे, सबब हलगर्जीपणाचा प्रश्न उद्भवत नाही. सुनेची तक्रार ही मातेच्या भावनेचा अपमान आहे, असेही त्यात नमूद आहे.

साहेब, सासूबाईंना मी ते उत्तर वाचून दाखवले. त्यांनी विचारले, "अभिमान म्हंजे काय वं?" मी अर्थ सांगितला. बराच वेळ त्या तांदूळ निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "मंग मले नाही हाये म्हणून लिहून दे."

तसे मी येथे लिहून देत आहे. तुळसाबाई रामटेके यांना आपल्या मुलाच्या मृत्यूचा अभिमान नाही.

तरी विनंती की, सदर कात्रण पुरावा म्हणून घेऊ नये. सुनावणीत सासूबाईंचा व इश्वर यांचा जबाब त्यांच्याच बोलीत, एकही शब्द न सुधारता, लिहून घ्यावा. लिहून झाल्यावर तो त्यांना वाचून दाखवावा व त्यानंतरच अंगठा घ्यावा.

आणखी एक बाब निदर्शनास आणते. काल बाजारात धनंजय भेटले. सुनावणीला सासूबाईंनी पांढरे लुगडे नेसून यावे, फोटो चांगला येतो, असे त्यांनी सुचवले. बातमीचे काय, असे मी विचारले, तर म्हणाले, "ते तं तयारच हाये." त्यांनी मोबाईलवर मथळा दाखवला : "वीरमातेने केले ठेकेदाराला क्षमादान". सुनावणी पुढच्या आठवड्यात आहे.

ती बातमी छापून येण्याआधी आपण माझ्या सासूबाईंचे ऐकून घ्यावे.

कळावे, व कृपया ऐकावे.

आपली अर्जदार,
रत्नमाला संघपाल रामटेके
अड्याळ, ता. पवनी, जि. भंडारा
दि. ४ सप्टेंबर २०२५

तुळसाबाई रामटेके यांचा अंगठा
(मजकूर वाचून दाखवला, कबूल आहे.)

सोबत : दोन्ही बातम्यांची कात्रणे, इश्वर यांचे सहीचे निवेदन, पतीचा फोटो, टोपी नसलेला.