दोन बाकी असताना थांबायचं

अप्पा, समुद्रावर चालायला जाणं मी सोडलं आहे, हे आधीच सांगून टाकते. तिरुवल्लिकेणीच्या आपल्या घरापासून समुद्र दहा मिनिटांवर, आणि तुम्ही मुलांच्या शाळेत ड्रिल मास्तर. दर रविवारी उजाडायच्या आत तुम्ही मला उठवायचात आणि ओल्या वाळूवरून दीपगृहाच्या दिशेने पळवायचात. तुम्ही पुढे, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, गळ्यात शिटी. मी बारा वर्षांची असेन, एकदा मध्येच वाळूत बसले. तुम्ही मागे फिरलात, मनगट धरून मला उभं केलंत, जरा जोरातच, आणि म्हणालात, "बसू नकोस. बसलेलं माणूस बसूनच राहतं." मग घरी पोचेपर्यंत माझा हात सोडला नाहीत. तेव्हा मला फक्त मनगट दुखल्याचं कळलं. पण ते वाक्य अंगात राहिलं. परीक्षा, नोकरी, बाळंतपण, तुमचं आजारपण, सगळं मी न बसता पार पाडलं.

माझी ही मराठी तुम्हाला थोडी परकी वाटेल. नवरा सोलापूरचा, इकडे तमिळ मुलखात मोटारींच्या कारखान्यात नोकरीला आलेला. त्याच्याबरोबर राहून मीही अशी बोलू लागले. आपली जुनी तंजावरी मराठी आता घरात फक्त आई बोलते. तुम्ही गेल्यापासून ती माझ्याकडेच असते. चार वर्षांपूर्वी माझा डावा पाय जड व्हायला लागला. कचेरीच्या जिन्यात चप्पल घासायची, कधी पायातून निघून मागेच राहायची. मग एका डोळ्यापुढे धुकं आलं आणि आठवडाभर गेलं नाही. तपासण्या झाल्या आणि मल्टिपल स्क्लेरोसिस हे नाव कळलं. डॉक्टरांनी समजावलं ते असं, की मेंदूतून आणि पाठीच्या कण्यातून जाणाऱ्या तारांवरचं आवरण शरीर स्वतःच कुरतडतं, आणि मग निरोप पायापर्यंत नीट पोचत नाही. औषध चालू झालं. निघताना ते म्हणाले, व्यायाम सोडू नका. हे एवढंच वाक्य मला ओळखीचं वाटलं. व्यायाम काय असतो ते मला माहीत होतं, मी तुमची मुलगी.

मग मे महिन्यातल्या एका संध्याकाळी मी समुद्रावर गेले. वारा सुटला नव्हता आणि वाळू दिवसभराची तापलेली. ठरवलं होतं, दीपगृहापर्यंत जायचं आणि मध्ये बसायचं नाही. अर्ध्या वाटेत डावं पाऊल वाळू ओढायला लागलं. मी दात आवळून चालत राहिले. थोड्या वेळाने समोरची माणसं पुसट झाली, गुडघा वळला आणि मी पडले. सुंडल, म्हणजे उकडलेले चणे, विकणाऱ्या एका बाईने टोपली खाली ठेवून मला सावरलं, तोंडावर पाणी मारलं आणि स्वतःच्या पदराने वारा घालत राहिली. मला उठताच येईना. दोन माणसांनी धरून रिक्षात बसवलं. मला वाटलं, गेले पाय, गेले डोळे, आता हे असंच. घरी येऊन पंख्याखाली ओला टॉवेल घेऊन पडले, आणि दीड-दोन तासांत दिसायला लागलं, पायही हलला. दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, आजार वाढलेला नाही, अंग तापलं की या आजारात असं होतं, निवलं की ओसरतं. मी मान हलवली. पण त्या दिवसानंतर मी व्यायामच बंद केला.

सात महिने, अप्पा. कचेरीतून खुर्ची आणि खुर्चीतून पलंग. पोटऱ्या दगडासारख्या झाल्या, जिन्याच्या आठ पायऱ्यांना मी घाबरू लागले. आणि या सगळ्याचा राग मी तुमच्यावर काढला. तुमचा हार घातलेला फोटो समोरच होता. मनात म्हणायची, तुम्ही मला पळायला शिकवलंत, थांबायला कुठे शिकवलंत.

शेवटी नवऱ्याने फिजिओथेरपीला नेलं. तिथली मुलगी माझ्या लेकीहून पाच-सहा वर्षांनी मोठी असेल, रोज लांब एन्नोरहून लोकल गाडीने येते. तिने माझे पाय तपासले, उभं केलं, डोळे मिटायला लावले, मी कलले तशी धरलं. मग तिने विचारलं, व्यायाम करताना तुम्ही कधी थांबता. मी म्हटलं, अगदी जमेनासं झालं की. तिने पेन खाली ठेवलं आणि तमिळमध्ये सावकाश म्हणाली, "अम्मा, तेव्हा उशीर झालेला असतो. अजून दोन जमतील असं वाटतं ना, तेव्हाच थांबायचं." मला रडू आलं. तिने घाई केली नाही.

पण तिच्या सांगण्याने लगेच सगळं जुळलं असं नाही. योगासनांच्या वर्गात गेले. पत्र्याखालचा हॉल, पंधरा मिनिटांत डोळ्यांपुढे धुकं. जिममध्ये गारवा होता, पण चालत्या पट्ट्यावर डावा पंजा अडकायचा. आमच्या सोसायटीच्या पोहण्याच्या तलावाचं पाणी नऊ वाजेपर्यंत कोमट होऊन जातं, म्हणून मी सकाळी सहाला उतरते, छातीएवढ्या पाण्यात कडेकडेने चालते. पाण्यात पडायची भीती नाही, आणि अंग तापत नाही. आठवड्यातून दोन दिवस ते. बाकीचे दिवस घरी, गळ्याभोवती गार ओला टॉवेल गुंडाळून. पंख्याखाली जागच्या जागी चालणारी सायकल, पाच मिनिटं, मग विश्रांती, मग पुन्हा पाच. स्वयंपाकघरात ओटा धरून टाचा उचलायच्या. खोलीच्या कोपऱ्यात भिंतींना पाठ करून, पुढे खुर्ची ठेवून, एका पायावर उभं राहायचं. आणि ज्या दिवशी सकाळीच अंगात काही नसतं, त्या दिवशी पलंगावर नुसते घोटे फिरवायचे आणि तेवढ्याला पुरे म्हणायचं. हे शेवटचं मला सर्वांत जड गेलं.

गेल्या महिन्यात मी ओट्याशी टाचा उचलत होते, आई खाली मोरीजवळ भाजी निवडत होती. आठ झाले, दहा जमले असते, मी खुर्चीवर बसले. आईने मान वर केली. मी म्हटलं, अप्पा असते तर ओरडले असते. मग तिने सांगितलं, तंजावरला तुमची एक थोरली बहीण होती. मी तिच्याबद्दल कधी ऐकलं नव्हतं. तिशीच्या आत तिचे पाय गेले, हळूहळू. वैद्य झाले, देवाचं झालं, कोणालाच काही कळलं नाही. एके दिवशी ती ओसरीवर बसली ती पुन्हा स्वतःहून उठली नाही. तुम्ही तेव्हा लहान, शाळेतून आलात की तिचे दोन्ही हात धरून तिला उभं करायला ओढायचात आणि ती हसायची. आई म्हणाली, "त्या दिवशी समुद्रावरून आले तें मला म्हणाले, पोर वाळूंत बसली तर मला अक्का दिसली. हात सोडवेना. तुला सांगायचं नाहीं म्हणाले. भिऊन गेले होते."

मी डॉक्टरांना विचारलं, तोच आजार असेल का. ते म्हणाले, इतक्या वर्षांनी सांगता येणार नाही. मलाही आता त्याचं उत्तर नको आहे. मी इतकी वर्षं ज्याला शिस्त समजत होते, ती एका लहान मुलाची भीती होती, आणि ती तुम्ही शिटी, बूट आणि ड्रिलमध्ये जन्मभर झाकून ठेवलीत. तुम्ही सांगितलं असतंत तर बरं झालं असतं, अप्पा. पण बाराव्या वर्षी मला काय कळलं असतं. आणि मी तरी माझ्या लेकीला किती सांगते; तिला वाटतं, आईला सकाळचं पोहणं आवडतं.

मी बसते आता. बसते आणि उठते. उठायला कधी हात लागतो, कधी नाही. परवा त्या एन्नोरच्या मुलीने मला हाताशिवाय सलग सहा वेळा खुर्चीतून उठताना पाहिलं आणि सातव्याला स्वतःच थांबवलं. तुम्ही आणि ती एका खोलीत असता तर भांडला असतात, आणि मग तुम्हीच तिला स्टेशनवर सोडायला गेला असतात.

हे मी व्यायामाच्या वहीच्या मागच्या पानांवर लिहिते आहे, आणि ते तिथेच राहील. पुढच्या पानांवर रोजच्या खुणा आहेत, ती मुलगी सोमवारी त्या तपासते. आजची खूण मी सकाळीच करून ठेवली आहे. खरं म्हणजे आज व्यायाम झालाच नाही. तो सगळा वेळ मी इथे तुमच्याशी बोलत बसले.